लेक लहान, हप्ता मोठा: अशा वेळी कुठला जोडधंदा धरावा?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. मला कळला तसा आधी मांडते. वय 35, चिंचवडला खासगी कंपनीत खरेदी विभागात नोकरी. मिस्टरांची शिफ्ट ड्युटी. लेक तीन वर्षांची, जूनपासून नर्सरीत जाणार. सासूबाई घरात आहेत, त्यांच्या हाताला चव आहे, पण गुडघे साथ देत नाहीत. घरकर्जाचा हप्ता गेला की हातात फारसं उरत नाही, म्हणून महिन्याला दहा-पंधरा हजार वरचे हवेत. डोळ्यांसमोर चार गोष्टी आहेत: डबे, साड्यांची विक्री, ऑनलाइन शिकवणी आणि मिस्टरांनी सुचवलेलं ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे शेअर बाजारातले चढ-उतारावरचे सौदे. शिवाय शेवटी लिहिलंय की धाकट्या भावाला आणि नुकत्याच निवृत्त झालेल्या वडिलांनाही काहीतरी सुरू करायचंय, तर सगळ्यांना चालेल असं काही सुचवा.

सगळ्यांना चालेल असं काही सुचवता येणार नाही. का नाही, ते सांगण्यासाठीच एवढं लांबलचक लिहितेय.

मी पुण्यात लहान धंदेवाल्यांचे हिशेब आणि कराची कामं करते, वीसेक वर्षं झाली. नोकरी सांभाळून काही करणाऱ्यांच्या वह्या दर वर्षी माझ्या टेबलावर येतात. त्यांत एक गोष्ट सारखी दिसते. बंद पडलेले बरेच जोडधंदे पैशाच्या हिशेबाने ठीक चालले होते. त्या वेळच्या घराला ते झेपले नाहीत, एवढंच. मुलं कॉलेजात गेल्यावर त्याच बाईने तोच धंदा पुन्हा काढला आणि छान चालवला, हेही मी पाहिलंय.

म्हणून कुठला धंदा चांगला हे जरा बाजूला ठेवू. तुमच्या बाबतीत मी आधी दोनच गोष्टी विचारेन. तुमच्याकडचा वेळ सलग आहे की तुकड्यातुकड्यांचा? आणि लेकीला ताप आला तर ते काम दोन दिवस थांबू शकतं का?

पहिल्याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. लेक साडेनऊ-दहाला झोपते, त्यानंतर तास-दीड तास. शनिवारी दुपारी ती सासूबाईंजवळ पडते तेव्हा थोडा. मिस्टरांची नाइट असेल त्या आठवड्यात तोही नाही. म्हणजे मध्येच सोडून उठता येईल आणि परत बसल्यावर पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही, असंच काम तुम्हाला धरता येईल. दुसरा प्रश्न मी मुद्दाम विचारते, कारण नर्सरीच्या पहिल्या वर्षी मुलं सारखी आजारी पडतात. सर्दी, ताप, पुन्हा सर्दी. रात्री दोन वाजता कपाळावर पट्ट्या ठेवताना सकाळी दहा माणसांचा स्वयंपाक करायचाय हे डोक्यात असेल, तर तो धंदा आत्ता तुमचा नाही.

आता डबे घेऊ. घराघरांत सगळ्यात आधी तेच सुचतं आणि हिशेब सगळ्यात जास्त तिथेच फसतो, म्हणून जरा खोलात जाते. समजा रोज 10 डबे, डब्याला 90 रुपये, महिन्याचे 25 दिवस. झाले 22,500. ऐकायला उत्तम. आता वहीची उजवी बाजू लिहू. भाजी, डाळ, तांदूळ, कणीक, तेल धरून डब्याला 45 रुपये, म्हणजे 11,250. पोचवणाऱ्या मुलाला डब्यामागे 10 रुपये, 2,500. भांडी आणि चिरायला मदतीची बाई, 1,500. गॅस 1,200. इथे एक लक्षात असू द्या: 14.2 किलोचा घरगुती सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही, त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणीही लागते. हे सगळं जाऊन उरले 6,050. बाजारहाट, स्वयंपाक, डबे भरणं, पैशासाठी मेसेज करणं मिळून दिवसाचे अडीच तास धरले तर महिन्याचे साडेबासष्ट तास. म्हणजे तासाला शंभर रुपयेसुद्धा पडत नाहीत. आकडे तुमच्या भागात थोडे इकडे-तिकडे होतील. पण उजवी बाजू पूर्ण लिहिल्याशिवाय डब्यांचा विचार करू नका.

या हिशेबात एक खर्च मी धरलाच नाही, आणि तो सहसा कुणीच धरत नाही. सासूबाई. तुम्ही साडेआठला कंपनीच्या बसमध्ये बसलात की मागे राहिलेल्या पोळ्या कोण लाटणार? गुडघे दुखणाऱ्या बाईला रोज दीड तास ओट्याशी उभं करून येणारा पैसा नफा म्हणून लिहिणं मला पटत नाही. त्यांना स्वतःला हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण मग आधी त्यांना विचारा आणि त्यांचा वाटा दर महिन्याला त्यांच्या हातात द्या. ज्या घरांनी हे पहिल्या महिन्यापासून केलं, त्या घरांतली भांडणं माझ्यापर्यंत आली नाहीत.

साड्यांचं काम थांबू शकतं, हा त्याचा गुण. पण पैसा अडकतो. ओळखीत विक्री म्हणजे उधारी आलीच, आणि न खपलेल्या पंधरा साड्या कपाटात पडून राहिल्या की तुमचं भांडवल तिथेच बसलं. करायचंच तर माल घरात भरू नका. फोटो दाखवा, ऑर्डर आणि पैसे घ्या, मग मागवा. आणखी एक बाब बऱ्याच जणींना माहीत नसते. राज्यातल्या राज्यात मालाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर माल विकला तर ही सवलत नाही. बेळगावच्या किंवा पणजीच्या गिऱ्हाइकाला साडी विकणं हे कायद्याने आंतरराज्य विक्रीत मोडतं. रक्कम लहान आहे म्हणून नियम बदलत नाही.

शिकवणीचा पैसा चांगला आणि भांडवल शून्य. पण वेळ ठरलेली असते, आणि मुलांच्या शाळेनंतरची ती वेळ नेमकी तुमची घरी पोचण्याची, लेकीला भरवण्याची असते. आठवड्यात दोनदा वर्ग रद्द झाला की पालक दुसरी बाई शोधतात. तुमची लेक सात-आठ वर्षांची होईल तेव्हा याचा पुन्हा जरूर विचार करा. तिच्याबरोबर आणखी चार मुलं बसतील.

ट्रेडिंगबद्दल मला स्पष्ट लिहायचंय, कारण मिस्टरांनी ते काळजीपोटीच सुचवलं असणार आणि त्यांना दुखवायचं नाही. बाजार सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन चालतो. ही तुमची नोकरीची वेळ आहे. म्हणजे कंपनीत बसून मोबाइलवर सौदे. दुसरं, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअरच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1.8 लाख कोटी रुपयांच्या वर होता. हप्ता भागत नाही म्हणून जो पैसा हवा आहे, तो अशा ठिकाणी शोधायचा नाही. मिस्टरांना बाजाराची आवड असेल तर महिन्याची छोटी एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरलेली गुंतवणूक) करा, वर्षानुवर्षं चालू ठेवा. त्याला जोडधंदा समजू नका, म्हणजे झालं.

मग करायचं काय? मी तुमच्या नोकरीकडे बघते. खरेदी विभागात तुम्ही रोज कोटेशनं तपासता, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) काढता, बिलं जुळवता, पुरवठादारांचा पाठपुरावा करता. हे येणारी माणसं भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपवाल्यांना हवी असतात आणि पूर्ण पगारावर ठेवणं त्यांना परवडत नाही. मालक दिवसभर मशीनवर, बिलं ड्रॉवरमध्ये, आणि महिन्याच्या दहा तारखेला धावपळ. जीएसटीचं जीएसटीआर-1 (विक्रीचा तपशील) महिन्याच्या 11 तारखेपर्यंत आणि 3बी (कराचा गोषवारा) 20 तारखेपर्यंत भरायचं असतं, त्याच्या आधी खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) किंवा एक्सेलमध्ये चढलेली लागतात. रिटर्न त्यांचा कर सल्लागार भरतो. बिलं नीट लावून देणारं कुणी नसतं.

हे काम तुमच्या घरात बसतं. मालकाने बिलांचे फोटो व्हॉट्सअॅपवर टाकायचे, तुम्ही रात्री साडेदहाला बसून वीस बिलं चढवायची. लेक उठली तर लॅपटॉप मिटायचा. दोन दिवस नाही जमलं तर तिसऱ्या दिवशी साठ. फक्त महिन्याचे पहिले नऊ-दहा दिवस जपायचे, आणि ते दिवस आधीच माहीत असतात. समजा तीन वर्कशॉप धरली, प्रत्येकी तीन हजार, आणि महिन्याचे चाळीस तास गेले, तर तासाला सव्वादोनशे पडतात. पहिल्या महिन्यात तिन्ही मिळणार नाहीत. एक घ्या, तीन महिने त्याचं काम चोख करा, दुसरा त्याच्याच ओळखीने येईल.

पण इथे एक अट आहे आणि ती मोडायची नाही. तुमच्या कंपनीला माल पुरवणाऱ्या कुणाचंही काम घ्यायचं नाही. उद्या त्याच पुरवठादाराचा दर तुम्ही मंजूर केलात तर तुमचा हेतू कितीही स्वच्छ असो, कागदावर ते वाईटच दिसतं. खरेदी विभागातल्या माणसाची नोकरी विश्वासावर असते. आणि त्याआधी नियुक्तीपत्र काढून वाचा. बहुतेक पत्रांत कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय दुसरा कामधंदा करू नये असं कलम असतं. 2022 मध्ये विप्रोने दुसरीकडे काम करणाऱ्या 300 जणांना काढल्याची बातमी गाजली होती. तसं कलम असेल तर एचआरला मेल करून परवानगी मागा: कामाचं स्वरूप लिहा, कंपनीच्या वेळेबाहेर करणार हे लिहा, पुरवठादारांचं काम घेणार नाही हेही लिहा. मिळाली तर मेल जपून ठेवा. नाही मिळाली तर काम नवऱ्याच्या नावावर दाखवून करणं हा मार्ग मी सुचवणार नाही, तसं करून अडचणीत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

सासूबाईंच्या हाताची चव वाया जाऊ नये असं वाटत असेल, तर रोजच्या डब्यांऐवजी दिवाळीचा फराळ बघा. काम पंधरा दिवसांचं, तारीख वर्षभर आधी माहीत, ऑर्डर आणि निम्मे पैसे आधी. नोंदणी इथेही लागेल. पहिल्या वर्षी दोन-तीनच पदार्थ ठेवा. भाजणीची चकली, चिवडा आणि शंकरपाळे. चकलीची भाजणी नवरात्रातच भाजून, दळून ठेवता येते आणि सासूबाई बसून सांगतील, भाजायला बाई लावता येईल. अनारशाच्या वाटेला जाऊ नका. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, सावलीत वाळवायचे, कुटायचे, गुळात मळून ठेवायचे, आणि एवढं करून तुपात अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, की सगळा घाणाच गेला. घरच्यांसाठी करा, विकायला नको.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर: रोजचं, ठरलेल्या वेळेचं, न थांबणारं काम तुम्हाला पुढची तीनेक वर्षं नको. पुढे ढकलता येणारं, किंवा वर्षातून एकदाच येणारं चालेल.

आता पैशाची दुसरी बाजू, कारण मला तुमच्या प्रश्नात ती जास्त टोचली. तुम्हाला हप्त्यासाठी पैसे हवेत. मग आधी हप्त्याकडेच बघू. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 2025 च्या सुरुवातीला 6.50 टक्के होता, त्या डिसेंबरात तो 5.25 वर आला. रेपोला जोडलेल्या कर्जाचा दर आपोआप उतरतो, पण बऱ्याचदा बँक हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते, त्यामुळे हातात काही फरक दिसत नाही. आणि कर्ज गृहवित्त कंपनीचं किंवा जुन्या पद्धतीचं असेल तर दर तितका उतरलाही नसेल. शाखेत जाऊन आजचा दर विचारा, हप्ता कमी करून मिळेल का विचारा. अंदाजासाठी सांगते: 20 वर्षांच्या 35 लाखांच्या कर्जावर 9 टक्क्यांनी हप्ता साधारण 31,490 बसतो आणि 8 टक्क्यांनी 29,275. महिन्याला बावीसशेचा फरक. वर हिशेब केलेल्या डब्यांचे बावीस-तेवीस तास वाचले. हप्ता कमी केला तर एकूण व्याज जास्त जातं हे खरं, पण लेक लहान असतानाची ही तीन-चार वर्षं सुसह्य करून नंतर आगाऊ रक्कम भरता येते.

कराबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ती आधी माहीत नसली तर महागात पडते. घरकर्ज आहे म्हणून तुम्ही कदाचित जुनी करप्रणाली घेत असाल, तिच्यात त्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते. नुसता पगार असला की दर वर्षी जुनी की नवी हे निवडता येतं. धंद्याचं उत्पन्न सुरू झालं की ती मोकळीक उरत नाही. जुनीतून एकदा नव्यात आलात की ते उत्पन्न असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही. 2025-26 पासून नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या एकूण उत्पन्नावर रिबेटमुळे (करातल्या सवलतीमुळे) कर लागत नाही, तेव्हा पगार आणि जोडधंद्याची निव्वळ कमाई मिळून त्याच्या आत असेल तर कदाचित नवीच सोयीची पडेल. पहिला रुपया यायच्या आधी दोन्हीकडून हिशेब करून बघा. आणि जोडधंद्यासाठी वेगळं बचत खातं उघडा, यूपीआय त्यालाच जोडा. हे एक केलंत तर वर्षअखेरीला माझ्यासारखीचं निम्मं काम होऊन जातं आणि तुम्हालाही कळतं की खरंच काही उरतंय का.

भावाबद्दल. वय 24, लग्न नाही, आई-वडिलांकडे राहतो, नोकरी लागलेली आहे. त्याच्याकडे सलग शनिवार-रविवार आहेत आणि फसलं तर सावरायला वर्षं आहेत. त्याने आत्ता पैसा कमी देणारं पण शिकवणारं काम धरावं: लग्नाच्या फोटोग्राफरच्या हाताखाली, एखाद्या दुकानाची वेबसाइट, व्हिडिओ एडिटिंग, जे आवडेल ते. फक्त कर्ज काढून कॅमेरा घेऊ नये, आधी भाड्याने घ्यावा. आणि तो ज्या योजनेबद्दल सांगतोय, आधी पंधरा हजार भरा आणि मग खाली माणसं जोडा, तिथे जाऊ देऊ नका. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांनी पिरॅमिड योजनांना बंदी आहे. विकायच्या वस्तूपेक्षा माणसं जोडण्याबद्दलच जास्त बोललं जात असेल तर ते काय आहे हे ओळखायला वेळ लागत नाही. त्यात पहिल्यांदा ओढली जातात ती घरचीच माणसं, म्हणून जरा आग्रहाने सांगतेय.

वडिलांचं मात्र घाईने ठरवू नका. गावी शेळीपालन म्हणतायत, आणि फंडातले पैसे त्यात घालणार आहेत. शेळी चांगलीच आहे, उस्मानाबादी जात आपल्या हवेला सोसते, जुळी करडं देते. पण गाभणकाळ पाच महिन्यांचा, करडू विकण्याजोगं व्हायला आणखी आठ-नऊ महिने. म्हणजे पहिलं वर्ष खर्चाचंच. पन्नास शेळ्यांची शेड, पगारी गडी आणि मालक पुण्याहून महिन्यातून दोनदा येणार, हे गणित मी जमताना पाहिलेलं नाही. एका पावसाळ्यात लसी चुकल्या तर अर्धा कळप जाऊ शकतो. वडील स्वतः गावी राहणार असतील तर पाच शेळ्यांनी सुरुवात करावी आणि एक उन्हाळा, एक पावसाळा काढून मग वाढवावं. त्याआधी दोघांच्या औषधपाण्याचा आणि महिन्याच्या खर्चाचा पैसा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेसारख्या ठिकाणी बाजूला ठेवावा, तिथे 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. त्या पैशाला कुठल्याही धंद्यासाठी हात लावायचा नाही. साठीनंतर गेलेलं भांडवल परत उभं करायला वेळ नसतो, आणि मग तो भार तुमच्यावर येतो.

तुम्ही या महिन्यात दोनच गोष्टी करा: नियुक्तीपत्र वाचा आणि बँकेत जाऊन या. धंद्याचं पाऊल लेकीची नर्सरी सुरू होऊन ती रुळल्यावर, साधारण गणपतीच्या सुमाराला टाका. कर्ज बँकेचं आहे की वित्त कंपनीचं, आत्ता जुनी करप्रणाली घेताय की नवी, आणि वडिलांच्या गावापासून गुरांचा दवाखाना किती लांब आहे, एवढं कळवलंत तर तिन्हींचं नेमकं गणित मांडून देते.